काही आणू नका हं!

मराठी भाषेत सर्वांत जास्त वेळा बोललं गेलेलं असत्य कोणतं, अशी स्पर्धा कुणी ठेवली, तर 'निघालोच, पाच मिनिटांत पोचतो' या वाक्याला दुसऱ्या नंबरावर समाधान मानावं लागेल. पहिला नंबर 'येताना काही आणू नका हं!' या वाक्याचा. बोलणाऱ्याचा त्यावर विश्वास नसतो, ऐकणाऱ्याचा त्याहून नसतो. आणि तरीही ते बोललं गेलं नाही तर दोघांनाही चुकल्याचुकल्यासारखं वाटतं.

या वाक्याचा छापील अवतार लग्नपत्रिकेच्या तळाशी सापडतो. 'आपली उपस्थिती हाच आमचा आहेर.' किती सुंदर विचार! वाचून डोळे भरून यावेत. पुसून मंडपात जावं, तर दाराशीच एक टेबल, टेबलावर लांबट वही, वहीत खोचलेलं पेन आणि वहीमागे घरातली दोन अत्यंत विश्वासू माणसं. उपस्थिती हाच आहेर असेल, तर ही दोन माणसं तिथे काय हजेरी घ्यायला बसली आहेत?

मी बँकेतला कारकून आणि शिक्षणाने बी. कॉम. त्यामुळे वही दिसली की माझा हात आपोआप समास आखायला जातो. माझ्या व्यावसायिक मताप्रमाणे आहेराची वही हा महाराष्ट्रातला सर्वांत चोख हिशेब आहे. नाव, गाव, रक्कम. उधारी नाही, खाडाखोड नाही. आणि तपासणी? ती पुढच्या लग्नाच्या आदल्या रात्री होते. वही काढली जाते, चष्मे लावले जातात आणि प्रश्न विचारला जातो, "त्यांनी आपल्याकडे किती केले होते?" आमच्या शाखेचं ऑडिटही इतक्या गांभीर्याने होत नाही.

त्या पाकिटातल्या वरच्या एका रुपयाचंही मला फार कौतुक वाटतं. ५०० नाही, ५०१. जाणकार म्हणतात, पूर्ण आकडा दिला की संबंध पूर्ण होऊन संपतो. वरचा रुपया पुढच्या देण्याघेण्याचं बी असतं. बँकेच्या भाषेत सांगायचं तर एक रुपया शिल्लक ठेवला की खातं बंद होत नाही. आमच्या पूर्वजांना हे कुठल्याही परिपत्रकाशिवाय कळलं होतं.

लग्नसराईत माझ्या खिडकीशी गर्दी होते ती कर्जासाठी नव्हे, कोऱ्या नोटांसाठी. "साहेब, शंभराचं एक बंडल नवं द्या की, भाचीचं लग्न आहे." आहेराची नोट कोरी हवी, ही अट कुठल्याही कायद्यात नाही, पण मळकी नोट घालणाऱ्याची आठवण पुढे तीन पिढ्या निघते. २०१६ च्या ८ नोव्हेंबरला रात्री ५०० आणि १०००च्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा लग्नाचा हंगाम तोंडावर होता. लग्नासाठी आपल्याच खात्यातले अडीच लाख रुपये काढायची सवलत सरकारला वेगळी जाहीर करावी लागली. देशाच्या चलनाचा प्रश्न होता खरा, पण लग्नाचा प्रश्न त्याच्याहून अवघड, हे सरकारनेही मान्य केलं.

सांगायचा मुद्दा असा, की आपल्याकडे देणंघेणं इतक्या काटेकोरपणे चालतं, मग एकच गोष्ट कुणी कधी तोंडाने का बोलत नाही? 'मला अमुक हवं आहे' एवढं साधं वाक्य आपल्या घशात का अडकतं?

ज्यांच्या घशात अडकत नाही अशी माणसं जगात आहेत. नाताळ आला की तिकडची पोरं सांताक्लॉजला पत्र लिहून काय काय हवं त्याची यादीच धाडतात. मोठी माणसंही मागे नाहीत. अमेरिकेत शिकागोच्या मार्शल फील्ड नावाच्या दुकानाने १९२४ साली एक सोय काढली. नवरा-नवरीने दुकानात जाऊन हव्या त्या बशा, चमचे निवडून यादी ठेवायची आणि पाहुण्यांनी त्या यादीतलं उचलायचं. सहा लिंबू-सरबत सेट आणि शून्य पोळपाट, असा संसार तिकडे सुरू होत नाही.

ही प्रथा आता आमच्या दिघीपर्यंत येऊन पोचली आहे. आमचा भाचा चाकणच्या एका कारखान्याच्या ऑफिसात आहे. तिथे डिसेंबरात चिठ्ठ्या टाकून ज्याचं नाव येईल त्याला गुपचूप भेट द्यायची असते. मर्यादा ५०० रुपये, आणि प्रत्येकाने आपली इच्छा आधी कागदावर लिहून द्यायची. कुणी अत्तर लिहिलं, कुणी परदेशी चॉकलेट. आमच्या भाच्याने लिहिलं, 'पाच लिटरच्या कुकरची रिंग.' चौघं पोरं एका खोलीत राहतात, आणि दोन आठवडे कुकरची वाफ शिट्टीऐवजी कडेने निघत होती. ऑफिसात त्याचं हसं झालं. मला मात्र तो त्या ऑफिसातला एकमेव प्रामाणिक माणूस वाटला. रिंग मिळाली, वर उरलेल्या पैशांची शिट्टीही मिळाली, आणि त्या रात्री चौघांनी शिजलेला भात खाल्ला. किती भेटवस्तूंबद्दल आपल्याला असं म्हणता येईल?

याबाबतीत अर्थशास्त्र भाच्याच्या बाजूचं आहे. जोएल वाल्डफोगेल नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९९३ साली नाताळच्या भेटींवर एक निबंध छापला. त्याने येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना विचारलं, मिळालेल्या भेटीची किंमत काय असेल, आणि तुम्हांला ती स्वतःच्या मनाने केवढ्याची वाटते? हिशेब असा निघाला, की दुकानात मोजलेल्या पैशांपैकी दहा टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंत किंमत वाटेतच उडून जाते. म्हणजे काकांनी १०० रुपयांचा टाय घ्यावा आणि पुतण्याने मनात त्याचे ७० धरावेत. मधले ३० ना काकांकडे, ना पुतण्याकडे. त्यातही जवळच्या मित्रांच्या भेटी कमी वाया जात होत्या आणि काका-मावश्यांच्या जास्त. हे कळायला येलपर्यंत जायची गरज नव्हती. आमच्या माळ्यावर चढलं असतं तरी चाललं असतं. तिथे चार भिंतीवरची घड्याळं आहेत. चारही वेगवेगळी वेळ दाखवतात आणि त्यांतली एकही बरोबर नाही.

आमच्या हिचा या विषयातला अनुभव माझ्याहून दांडगा आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाला जाऊन जे वाण घरात येतं, त्यात यंदा अकरा चहाच्या गाळण्या निघाल्या. वाण ही मुळात किती शहाणपणाची कल्पना! स्वस्त, उपयोगी आणि सगळ्यांना सारखं. पण उपयोगी वस्तू अकरा वेळा मिळाली की तिचा उपयोग संपतो. मग त्या गाळण्या पुढच्या वर्षी दुसऱ्यांच्या घरी जातात. ब्लाउज पीस आणि शाल यांचा प्रवास तर वारकऱ्यांनाही लाजवील असा. सत्काराची एक शाल तीन सत्कार करून आमच्याकडे परत आली. घडी मूळचीच होती.

गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचं लक्षण सांगितलं आहे. योग्य देश, योग्य काळ आणि योग्य पात्र पाहून, परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेलं ते सात्त्विक. आपण त्यातलं 'पात्र' तेवढं नीट ऐकलं आणि स्टीलची पातेली देत सुटलो.

आता विषयाची दुसरी बाजू. आमच्या शेजारी एक निवृत्त सुभेदार राहतात. दिघी लष्करी वस्तीच्या कुशीतलं गाव, त्यामुळे दर चौथ्या घरात एक माजी सैनिक आणि एक लोखंडी ट्रंक सापडतेच. सुभेदारांची पंच्याहत्तरी करायची ठरली. दोन्ही मुलांनी रीतीप्रमाणे विचारलं, "दादा, तुम्हांला काय हवं?" आता अशा वेळी बापाने 'मला काय करायचंय आता' असं म्हणून छताकडे पाहायचं असतं. पण सुभेदारांची अठ्ठावीस वर्षं लष्करात गेलेली. ते म्हणतात, तिथे मागणीपत्र भरल्याशिवाय मोजादेखील मिळत नाही आणि भरलं तर लाजायचं कारण नाही. ते सरळ म्हणाले, "न्हाणीघरात धरायला एक दांडा बसवा. उठताना तोल जातो."

घरात शांतता पसरली. थोरला म्हणाला, "दादा, दोनशे माणसं येणार. लोक विचारतील, मुलांनी पंच्याहत्तरीला काय दिलं? काय सांगू? बापाला दांडा दिला?"

समारंभ झाकपक झाला. मुलांनी मनगटावरचं एक घड्याळ दिलं. ते दिवसात किती पावलं चाललात ते सांगतं, झोप मोजतं, हृदयाचे ठोकेही मोजतं. सुभेदारांनी ते तपासून पाहिलं, आभार मानले आणि हळूच मला म्हणाले, "मी पडलो तर किती वाजता पडलो ते याच्यात बरोबर येईल."

पुढच्या महिन्यात धाकट्या सुनेने प्लंबरला बोलावून दांडा बसवून घेतला. साधा स्टीलचा, मजुरी धरून हजाराच्या आत. पण सासरे उठताना कोणत्या हाताचा आधार घेतात, हे तिने आठ दिवस पाहून ठेवलं होतं. त्यांच्या कोपराची उंची तिने दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खूण करून घेतली होती. भेट मागून घेतली की तिच्यातली आपुलकी जाते, देणाऱ्याला डोकं चालवावं लागत नाही, असं म्हणणाऱ्यांनी तो दांडा येऊन पाहावा. मागणं म्हणजे नुसता पत्ता. टपाल नीट पोचवायचं काम देणाऱ्याचंच राहतं.

इथे कुणीतरी हात वर करून म्हणेल, मग सगळ्यांनी बेधडक मागत सुटावं का? थांबा. आपल्याला मागायची लाज वाटते, यामागे नुसता भिडस्तपणा नाही. 'मागणी' हा शब्द आपल्याकडे फार वाईट संगतीत वाढलेला आहे. या देशात भेटींची सर्वांत लांब यादी पोरांनी सांताक्लॉजला लिहिलेली नाही; ती मुलाच्या बापाने मुलीच्या बापाला सांगितलेली आहे.

त्यासाठी १९६१ साली हुंडा प्रतिबंधक कायदा झाला. कायद्याने हुंडा आणि भेट यांच्यामध्ये रेघ मारताना एक खूण धरली, ती मागणीची. न मागता, रीतीप्रमाणे, ऐपतीप्रमाणे दिलं तर ती भेट. १९८५ साली त्याचे नियम आले. वधूला आणि वराला मिळालेल्या भेटींची यादी करायची, वस्तूचं वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं लिहायचं, खाली सह्या करायच्या. म्हणजे आपल्या आहेराच्या वहीला सरकारने एक सख्खी बहीण दिली. मंडपात वही सगळ्यांनी पाहिली आहे. ही बहीण मात्र मी अजून एकाही लग्नात पाहिलेली नाही.

कायदे करणाऱ्यांनी भेटीचा विचार एरवी बारकाईने केला आहे. १९५८ साली या देशात बक्षीस-कर आला. तो १९९८ साली गेला. २००४ पासून परक्याकडून आलेली भेट ठरावीक रकमेच्या वर गेली की उत्पन्नात धरतात; आज ही रक्कम वर्षाला ५०,००० रुपये आहे. लग्नातल्या आहेराला माफी, आणि नातेवाइकांकडून आलेल्या भेटीलाही माफी. नातेवाइकांकडून मिळणारं हे उत्पन्न नव्हे, हे सरकारचं मत ज्याला नातेवाईक आहेत अशा कोणालाही पटेल. गंमत म्हणजे या व्याख्येत मामा नातेवाईक आहे आणि मामेभाऊ परका.

पण हुंड्याच्या बाबतीत कायद्याची ती रेघ एका वाक्याने पुसली जाते. ते वाक्य आपण सगळ्यांनी बैठकीत ऐकलं आहे. "आमचं काही म्हणणं नाही. तुम्हांला तुमच्या मुलीला जे घालायचं ते घाला." पाहा, यात मागणी कुठे आहे? शोधून सापडणार नाही. उलट 'काही आणू नका हं'चीच ही धाकटी बहीण. पण हे वाक्य ऐकून घरी आलेला मुलीचा बाप दुसऱ्या दिवशी माझ्या खिडकीशी येतो. मुदत ठेव मोडायचा फॉर्म मागतो. मुदत पुरी व्हायला पाच महिने राहिलेले असतात. व्याज कमी मिळेल असं मी सांगतो. तो म्हणतो, "कळतंय साहेब. पण त्यांनी काही मागितलं नाही ना, म्हणूनच जास्त द्यावं लागतंय." या वाक्याला कुठल्या रकान्यात टाकायचं, हे मला बी. कॉम.ला शिकवलेलं नाही.

म्हणजे मागून घेतलेला दांडा निर्मळ, आणि न मागता घेतलेली मोटार गढूळ. मग फरक मागण्या-न मागण्यात नाहीच. तो आहे तरी कुठे?

मला तो दरवर्षी आमच्या आळंदी रस्त्यावर दिसतो. माउलींची पालखी आळंदीहून निघाली की पुण्याच्या वाटेवर दिघीवरून जाते. त्या सकाळी सगळं गाव रस्त्याच्या कडेला देण्यासाठी उभं असतं. बहुतेकांच्या हातात केळी. वारकऱ्याने घेऊन घेऊन किती केळी घ्यावीत? तरी तो कुणाचं मन मोडत नाही. एक घेतो, मागच्याला देतो. पण त्याच गर्दीत झाडाखाली एक चपला शिवणारा बसलेला असतो. त्याने केळी आणलेली नसतात. तो फक्त विचारतो, "माउली, काय तुटलंय?" आणि त्याच्यापुढे रांग लागते. कुणाचा अंगठा उसवलेला, कुणाचा पट्टा तुटलेला. पंढरपूर अडीचशे किलोमीटर लांब. एक म्हातारी आली. चपला ठीक होत्या. तिने पिशवी पुढे केली. "पिशवीचा बंद शिवून दे माउली." त्याने शिवून दिला. मागच्या माणसाची पाळी आली तेव्हा दोरा संपला होता. तो माणूस "बरं माउली" म्हणाला आणि तुटक्या चपलेनिशी चालू लागला. ना याच्या तोंडावर ओशाळलेपण, ना त्याच्या तोंडावर राग.

तिथे देणाराही माउली आणि घेणाराही माउली. म्हणून मागणाऱ्याची मान खाली जात नाही आणि 'नाही' म्हणणाऱ्याची छाती धडधडत नाही. माझ्या मते हीच खरी कसोटी. ज्याला आपल्याला 'नाही' म्हणता येतं आणि म्हटल्यावरही नातं होतं तसंच राहतं, त्याच्याकडे खुशाल मागावं. सुभेदारांना मुलांनी आधी नकारच दिला होता. बाप बापच राहिला. मुलीच्या बापाला मात्र नकाराची सोयच नसते. ज्याला 'नाही' म्हणता येत नाही, त्याच्यापुढे आपण मौन धरलं तरी ती वसुलीच. आणि वसुली म्हणजे काय, हे बँकेतल्या माणसाने तुम्हांला सांगायला नको.

पण या कसोटीची दुसरी बाजू देणाऱ्याच्या गळ्यात पडते. घरात असं एक माणूस असतंच, जे कुणाकडेच काही मागत नाही. त्याला विचारलं की उत्तर ठरलेलं, "मला काही नको." बहुधा ती आई असते, नाहीतर आत्या, नाहीतर बारा वर्षं धुणंभांडी करणाऱ्या मावशी. या माणसांनी स्वतःच्या इच्छेचं खातं इतकी वर्षं वापरलेलं नसतं, की आम्ही ज्याला निष्क्रिय खातं म्हणतो तसं ते होऊन गेलेलं असतं. निष्क्रिय खातं सुरू करायला खातेदारालाच यावं लागतं, असा आमचा नियम आहे. घरात तो नियम लावू नये. तिथे बँकेनेच उठून खातेदाराकडे जावं.

तेव्हा येत्या नाताळला, दिवाळीला, संक्रांतीला, तुमचा जो काही सण असेल त्या दिवशी, एवढं करून पाहा. त्या माणसाला 'काय हवं' असं विचारू नका. त्याचं उत्तर तोंडपाठ आहे. 'कुठे अडतं?' असं विचारा. पहिल्या चहाला काही निघणार नाही. दुसऱ्या चहाला निघेल. सुईत दोरा ओवायला मोठ्या काचेचं भिंग, मोरीपाशी पाय न घसरणारी चटई, जिन्याच्या वळणावर एक दिवा. किंमत बहुतेक वेळा हजाराच्या आत असते. रंगीत कागदात गुंडाळून वर रिबीन बांधता येत नाही आणि दोनशे माणसांसमोर हातात देता येत नाही, एवढीच काय ती अडचण.

आणि हो, गाळणी मात्र कुणाला हवी असेल, तर लाजू नका. आमच्याकडे अकरा आहेत.